कुडावरचे चौकोन

केरू आरोग्य खात्यात लागला तेव्हा त्याची समजूत अशी होती की आता आपण लोकांना बरं करणार. खात्याने त्याच्या हातात बोट टोचायची सुई, काचपट्ट्यांची पेटी, हिवतापावरच्या क्लोरोक्विनच्या गोळ्यांचा डबा आणि मुरबाड तालुक्यातले सिद्धगडाच्या पायथ्याचे अकरा पाडे ठेवले. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आला होता का विचारायचं, आला असेल तर रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या घराची वाट धरायची. काचपट्टी आरोग्य केंद्रात जायची, तिथला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचा. सापडले तर केरूने पुन्हा डोंगर चढायचा, नाही सापडले तर विषय संपला.

आणखी एक काम होतं, ते म्हणजे चौकोन. दर वर्षी घराच्या दर्शनी भिंतीवर पत्र्याचा साचा धरून गेरूने नवा चौकोन उमटवायचा आणि दर भेटीला त्यात तारीख आणि सही करायची, म्हणजे साहेब तपासायला आले तर माणूस खरंच येऊन गेला की मुरबाडच्या स्टँडवर चहा पीत बसला होता ते कळावं. केरू बाजूला आणखी एक गोष्ट लिहायचा, जी त्याला कुणी सांगितलेली नव्हती. ज्याला ताप आला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि ताप कधी आला ती तारीख. त्याची बायको रत्नप्रभा अंगणवाडीत शिकवायची. ती म्हणायची, "तुमी शाळेत पण समासात उगाच काहीतरी लिवत असाल." केरू किन्हवलीकडचा, घरात नोकरीला लागलेला पहिलाच. जे करायचं ते नीट, हे त्याच्या अंगातच होतं आणि त्याचा थोडा गर्वही होता.

एक्क्याण्णव साली उंबरपाड्यावर नवशाच्या घराच्या कुडावर त्याने पहिला चौकोन उमटवला, तेव्हा नवशाची बायको बाईजा शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, आणि दर दिवाळीच्या आधी ती तो नव्याने सारवायची. तिच्या स्वच्छ कुडावर या माणसाने लाल रेघा ओढल्या होत्या.

"हे काय लिवता?" तिने विचारलं.

"सरकारी हाय. पुसायचं नाय," केरू म्हणाला. नोकरी नवी होती, आवाजही नवा होता. त्याच्या मनात होतं, हे वर्ष संपेपर्यंत पुसू नका. पण तेवढं तो बोलला नाही.

त्या घरात ताप होताच. नवशाचा मुलगा मंगळू तेरा वर्षांचा होता. महिन्या-सव्वा महिन्याने त्याला भडकून ताप यायचा, पोट फळीसारखं कडक व्हायचं, हात लावू द्यायचा नाही, गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचा. कधी लांब चालून आला की घोट्यावर लालभडक चट्टा उठायचा, त्यावर काहीतरी चावलं असं सगळे म्हणायचे. केरूने बोट टोचलं, चार गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि पोरगं गुरांमागे पळायला लागलं.

बाईजा म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताला गुण हाय."

हे केरूला फार आवडलं. पहिल्या वर्षी त्याला पडवीतच पाणी मिळायचं. तिसऱ्या वर्षी तो चुलीपाशी बसून नाचणीची भाकर खायला लागला, त्यात या गुणाचा वाटा मोठा होता. काचपट्टीत जंतू कधीच सापडले नाहीत, याकडे त्याने फारसं बघितलं नाही. ताप उतरला ना, मग झालं. गंमत अशी की पाड्यावरचा भगतही त्याच पोराला अंगारा लावायचा आणि त्याच्याही हाताला गुण होता. जो ताप तिसऱ्या दिवशी आपला आपणच निघून जातो, तो सगळ्यांनाच वैद्य करून ठेवतो. मंगळूला कुणी नुसता ओला फडका बांधला असता तरी त्या फडक्याचंही पाड्यावर नाव झालं असतं.

पंच्याण्णवच्या आषाढात मंगळूचे पाय सुजले. मग तोंड सुजलं, लघवी कमी झाली. कल्याणला नेलं, तिथे सांगितलं, मूत्रपिंडं निकामी झालीत. सतरा वर्षांचा मुलगा पंधरा दिवसांत गेला. केरू त्याच्या दहाव्याला गेला होता. तापाचा आणि सुजेचा काही संबंध असेल, हे तेव्हा ना कल्याणच्या डॉक्टरांच्या मनात आलं ना केरूच्या.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मंगळूची बहीण योगिनी तापली. आठ वर्षांची होती. तेच पोट, तेच गुडघे छातीशी. केरूने तिचं बोट टोचलं तेव्हा ती रडली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. चार गोळ्यांऐवजी वयाप्रमाणे दोन दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला. यावेळी बाईजा हाताच्या गुणाबद्दल काही बोलली नाही.

असं पाच वर्षं चाललं. दोन हजार साली दसरा झाल्यावर केरू पाड्यावर गेला, तेव्हा बाईजा कुड सारवत होती. तो अंगणात टेकून तंबाखू मळत बघत बसला आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ती जुन्या चौकोनांच्या कडेने हात वळवून सारवतेय. चालू वर्षाचा चौकोन राखणं ठीक, पण तिने सगळेच राखले होते. एक्क्याण्णवपासूनचे दहा चौकोन ओळीने. दर वर्षीचा नवा थर भोवताली चढत गेल्याने जुने चौकोन आत आत गेले होते. पहिला तर बोटभर खोल, कोनाड्यासारखा.

"बाईजाबाय, हे जुने कशाला ठेवलेस? सारवून टाकायचे ना."

बाईजाने हात थांबवला. "तुमीच बोल्लात ना, सरकारी हाय, पुसायचं नाय."

केरूला हसू आलं. दहा वर्षं एक बाई स्वतःच्या घराची भिंत खड्ड्याखड्ड्यांची करून सरकारचा मान राखतेय, आणि सरकारला त्याचा पत्ताही नाही. रत्नप्रभाला सांगितलं की ती पोट धरून हसेल, असं मनाशी म्हणत तो उठला आणि चौकोनांजवळ गेला. मग त्याचं हसू थांबलं.

पंधरवड्याला एक याप्रमाणे तो हे लिहीत आला होता, पण सलग कधी वाचलं नव्हतं. आता दहा वर्षं एका नजरेत होती. मं, मं, मं, मं. पंच्याण्णवच्या आषाढानंतर मं संपला. भाद्रपदापासून यो, यो, यो. इतर कुणाचं अक्षर अपवादाला. नवशाचा एकदा, पावसाळ्यातला खरा हिवताप. म्हणजे याच घरात, याच बापाला झालेला हिवताप काचपट्टीत सापडला होता आणि पोरांचा एकदाही नाही. आणि तारखा नुसत्या पावसाळ्यातल्या नव्हत्या. होळीच्या होत्या, चैत्रातल्या होत्या, ओहोळ आटून खडक पडतो तेव्हाच्याही होत्या.

त्याने खिशातली वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. जुन्या चौकोनात वाकून, बोट फिरवत बघावं लागत होतं. बाईजा शेजारी उभी होती. मंगळूच्या अक्षरांवर केरूचं बोट फिरत होतं, तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याचा हाय म्हणून पण ठेवला."

मुरबाडला घरी आल्यावर त्याने वही रत्नप्रभापुढे ठेवली. तिने चष्मा लावून पानं उलटली. "होळीला कुठले डास हो त्या डोंगरावर?" तिने विचारलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "दोघं सख्खी भावंडं. भावाचं काय झालं ते ठाऊक हाय. आता हिचं काय व्हायची वाट बघताय?" ती हे चिडून बोलली नव्हती. पण केरूला ते रात्रभर लागून राहिलं.

सकाळी तो वही घेऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते, म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातलं नाही," आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. आवाक्यातलं नाही हे सांगायलाही धैर्य लागतं, ते केरूला त्या दिवशी स्वतःकडे बघून समजलं. तो दहा वर्षं गोळ्या वाटत होता.

नवशाला तयार करणं सोपं नव्हतं. "मंगळूला नेला होता मोठ्या दवाखान्यात," तो म्हणाला. "तिथून काय आणला ते तुमाला माहीत हाय." शेवटी बाईजाच म्हणाली, "भाऊ येतील संगती. मी पाठवते." आणि ज्या घरात शेवटचा शब्द नवशाचा समजला जायचा तिथे बाईजाचा शब्द चालला.

इस्पितळात दोन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर गेले. तिसऱ्या दिवशी एका वयस्कर डॉक्टरबाईंसमोर नवशा, योगिनी आणि केरू बसले. तिथे येईपर्यंत योगिनी ठणठणीत झाली होती, ताप नाही, पोट मऊ. तपासायला काही उरलंच नव्हतं. बाईंनी मुलीकडे थोडं पाहिलं आणि वहीकडे बराच वेळ. मग एकेक प्रश्न. ताप किती दिवस राहतो? तीनच का, कधी जास्त? मध्ये अगदी बरी असते? घोट्यावर काही उठतं? भावाचे पाय सुजले होते का? आणि मग नवशाकडे वळून, "तुमचं आणि तुमच्या बायकोचं नातं काय?"

नवशाला प्रश्न कळला नाही. "ती माझी बायको हाय."

"लग्नाआधीचं."

"मामाची पोर. आमच्यात मामाची पोर करतात. पहिला हक्क असतो."

बाईंनी मान हलवली. योगिनीची लघवी काचेच्या नळीत घेऊन ती तिथेच बर्नरवर तापवली. वरचा भाग थोडासा गढूळला. बाईंनी नळी उजेडात धरली आणि पुन्हा वहीकडे पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं, ते केरूने पुढे आयुष्यभर अनेकांना सांगितलं. शरीरात जंतू शिरला की शरीर आपल्यात आग पेटवतं, तोच ताप. काम झालं की ती आग विझवणारा एक राखणदारही शरीरातच असतो. या मुलीच्या शरीरात तो राखणदार धड नाही. म्हणून जंतू नसताना आग पेटते, दोन-तीन दिवस जळते आणि आपोआप विझते. हा राखणदार कसा बनवायचा याच्या सूचना प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं, त्या माणसाला आयुष्यात कळतही नाही. नवशा आणि बाईजा दोघांकडे एकेक बिघडलेली असणार, बहुधा एकाच आजीकडून आलेली, कारण दोघं एकाच घरातली. दोन्ही मुलांना नेमक्या दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या.

"कुणाचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "चार मुलांत एकाला असं व्हावं असा साधारण हिशोब. तुमच्या वाट्याला दोन्ही आली. हा आजार जास्त करून भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत सापडतो. आपल्याकडे विरळ आहे, की आपण ओळखत नाही, ते मला सांगता येणार नाही. रक्त परदेशी पाठवून खात्री करता येते, पण औषध देऊन बघणं जास्त जवळचं आहे. लागू पडलं तर तीच खात्री."

"आणि पाय सुजले ते?" केरूने विचारलं.

"दर वेळच्या आगीतून एक प्रकारचा गाळ तयार होतो. तो वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साचतो. हिचा आत्ताच साचायला लागलाय, म्हणून लघवी गढूळली."

नवशा खाली बघत होता. पाच वर्षं ज्या प्रश्नाला केरूने जवळ येऊ दिलं नव्हतं तो त्याने विचारला. "बाई, मी मुलाला तेव्हाच आणलं असतं तर?"

बाईंनी चष्मा काढला. "तर कदाचित तो असता," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. पण ही वही नसती तर मीही हिला हिवताप नाहीतर टायफॉइड म्हणून घरी पाठवलं असतं."

औषध एक लहानशी गोळी होती, कोल्चिसिन. गाउट म्हणून सांध्यांचं एक दुखणं असतं, त्याची ही जुनी गोळी. ती रोज घ्यायची, ताप असो वा नसो, आयुष्यभर. ती पेटलेली आग विझवत नाही, पेटूच देत नाही. एक दिवस चुकवायची नाही आणि सांगितल्यापेक्षा एक जास्त घ्यायची नाही, कारण जास्त झाली तर विष. जाता जाता बाईंनी सांगितलं, की ही गोळी ज्यापासून बनते ते द्रव्य आपल्याच डोंगरात उगवणाऱ्या एका वेलीच्या कंदात आणि बियांत असतं, श्रावणात तिला लाल-पिवळी, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची फुलं येतात. केरूने ती ओळखली. कळलावी. उंबरपाड्याच्या कुंपणाकुंपणाला होती, आणि गुरंसुद्धा तिला तोंड लावत नव्हती. ही गोष्ट मात्र त्याने नवशाला सांगितली नाही. सांगितली असती तर गोळी संपल्यावर नवशा मुरबाडची वाट धरण्याऐवजी कुदळ घेऊन कुंपणाला गेला असता, हे तो नवशाला ओळखून होता. रत्नप्रभाला तेवढं सांगितलं.

दिवाळीनंतर गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस योगिनीचं पोट बिघडलं, मग बसलं. महिना गेला. दीड महिना गेला. पौषात केरू पाड्यावर आला तर बाईजा दारातच उभी. त्याने काही विचारायच्या आत तिने सांगितलं, "नाय आला." फाल्गुनात पुन्हा, "नाय आला." कुडावरच्या नव्या चौकोनात नुसत्या तारखा आणि सह्या होत्या. केरूला आपलं काम इतकं कोरं कधी दिसलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

पण माणूस बरं झालं की औषधाला विसरतं. दोन हजार तीन साली योगिनी दहावी पास होऊन मुरबाडला कॉलेजात जायला लागली, मैत्रिणी मिळाल्या, आणि रोज गोळी खाणारी मुलगी म्हणजे काहीतरी रोगट, असं कुणीतरी म्हणालं. तिने गोळी सोडली. दोन महिने काही झालं नाही, तिला वाटलं, आजार गेला. मग एका गुरुवारी वर्गातच पोट फळी झालं. शेअर जीपमधून तिला पाड्यावर आणलं. चौकोनात पुन्हा यो आला.

केरू तिला कधी रागावला नव्हता. त्या दिवशी रागावला. "मलेरियाची गोळी ताप गेल्यावर बंद करायची, असं मीच सगळ्या पाड्याला शिकवलं. ते चुकलंच माझं. ही तशी नाय. ही भाकरीसारखी हाय, रोजची." मग त्याने पत्र्याचा साचा काढला आणि तापाच्या चौकोनाशेजारी आणखी एक चौकोन उमटवला. "हा गोळीचा. रोज एक रेघ तू स्वतः मारायची. मी पंधरा दिवसांनी येऊन मोजणार. पंधराला चौदा रेघा दिसल्या तर तुझ्या कॉलेजात येऊन सगळ्यांसमोर विचारेन."

"भाऊ, कॉलेजात नका येऊ," योगिनी म्हणाली. त्यानंतर रेघ चुकली नाही. वर्षातून एकदा मुंबईला लघवी तपासायला जायचं, तिथली काचनळी तापवली तरी आता स्वच्छ राहत होती.

खरी कसोटी लग्नाची होती. योगिनी पाळण्यात असतानाच बाईजाने भावाला शब्द दिला होता की ही तुमच्या सुनिलची. आते-मामे भावंडांत लग्न करायची घरातली रीत होती, बाईजा स्वतः तशीच आलेली. आता सुनिल मुरबाड-कल्याण जीप चालवत होता, चांगला मुलगा होता, आणि भावाने सुपारी फोडायचा विषय काढला. केरूने डॉक्टरबाईंना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सुनिलकडे बिघडलेली सूचना असेल किंवा नसेल, न तपासता सांगता येणार नाही. असेल तर दर दोन मुलांत एकाला आजार. बाहेरच्या घरात दिली तर मुलांना आईकडून एक बिघडलेली मिळेल, पण बापाकडची चांगली असेल, आणि ती मुलं बरी राहतील.

केरूने हे बाईजाला चुलीपाशी बसून सांगितलं. तिने लाकूड पुढे सरकवलं.

"भावाला काय सांगू?" ती म्हणाली. "माझा एकच भाऊ हाय."

"मी येऊ संगती?"

"नाय. माझा शब्द मीच दिला व्हता."

ती एकटीच गेली. काय बोलणं झालं ते तिने कुणालाही सांगितलं नाही. परत आली तेव्हा डोळे सुजले होते. योगिनीचं लग्न दोन हजार सहा साली किन्हवलीकडच्या जैतूशी झालं. जैतू शहापूरला एका कारखान्यात कामाला, त्याच्या सात पिढ्यांत उंबरपाड्याशी नातं नव्हतं, हे केरूने आपल्या गावच्या माणसांकडून नीट चौकशी करून घेतलं होतं. गोळीबद्दलही जैतूला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईला साखरेची रोज असते. हिला ही." बाईजाचा भाऊ लग्नाला आला नाही. भाऊबिजेलाही आला नाही. त्या वर्षी नाही आणि पुढल्या वर्षीही नाही. बाईजा ओवाळणीचं ताट तयार करायची आणि सूर्य बुडाल्यावर आवरून ठेवायची. केरूने हे स्वतः पाहिलं होतं आणि त्याला वाटायचं, सगळं शास्त्र माझ्या तोंडून गेलं आणि किंमत हिने मोजली.

योगिनीला मुलगी झाली, मेघा. गरोदरपणातही डॉक्टरबाईंनी गोळी चालू ठेवायला सांगितली होती. मूल धडधाकट होतं. दोन हजार नऊच्या श्रावणात, पावणेदोन वर्षांच्या मेघाला घेऊन योगिनी माहेरी आली, आणि चौथ्या दिवशी मेघा तापली.

केरूचा फेरीचा दिवस नव्हता. निरोप सुनिलच्या जीपवरून आला. सुनिल स्वतः आरोग्य केंद्रात येऊन सांगून गेला, त्याने मनात काही ठेवलं नव्हतं. त्याच्या बापाने मात्र ठेवलं होतं. मेघा तापल्याचं कळताच त्याने बहिणीला सांगून पाठवलं होतं, "शब्द मोडून बाहेर दिलीस, तरी पोरीला ताप आलाच ना."

केरू चढला तेव्हा कुंपणाला कळलावी फुलली होती. योगिनी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि दर थोड्या वेळाने तिच्या पोटावर हात ठेवून बघत होती, कडक झालंय का. नवशा पडवीत उभा होता. बाईजाने केरूकडे पाहिलं आणि त्याला दिसलं की ही बाई एकाच गोष्टीची वाट बघतेय, की तो म्हणेल, चुकलं.

"थंडी वाजते?" त्याने विचारलं.

"आज वाजली. काल नाय. परवा वाजली होती," योगिनी म्हणाली.

एक दिवसाआड थंडी ही हिवतापाची खूण, हे केरूला ठाऊक होतं, पण या घरात घाई करायची नाही एवढं तो अठरा वर्षांत शिकला होता. त्याने त्या चिमुकल्या बोटाला सुई टोचली. मेघा घर डोक्यावर घेऊन रडली. आईसारखी गप्प बसली नाही, हेही त्याला बरं वाटलं. गोळ्या त्याने लगेच दिल्या नाहीत. काचपट्टी घेऊन तो तसाच खाली उतरला, आरोग्य केंद्रात तंत्रज्ञापुढे बसून राहिला आणि म्हणाला, "ही आता बघ. मी उठत नाय."

तंत्रज्ञाने काच रंगवली, वाळवली, डोळा लावला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पॉझिटिव्ह. साधा व्हायवॅक्स हिवताप."

केरूने स्वतः डोळा लावून बघितलं. नोकरीभर त्याने असल्या पॉझिटिव्ह काचा शेकड्यांनी नोंदवल्या होत्या. ही बघताना त्याचे डोळे भरले. तंत्रज्ञ त्याच्याकडे बघतच राहिला.

संध्याकाळ व्हायच्या आत तो पुन्हा उंबरपाड्यावर होता. "हिवताप," तो अंगणातूनच म्हणाला. "साधा हिवताप. डासाचा." नवशा खाली बसला. योगिनी हसायला लागली आणि हसता हसता रडली. हिवतापाच्या बातमीने घरात आनंद झालेला केरूने त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्याने गोळीचे वयाप्रमाणे तुकडे केले, गुळात घालून मेघाला भरवले, आणि पुढच्या दिवसांच्या गोळ्या योगिनीकडे देऊन सांगितलं, "ही मात्र सांगितलेले दिवस झाले की बंद."

बाईजा म्हणाली, "भावाला सुनिलकडून सांगून पाठवते. बाकी काय नाय. पोरगी बरी हाय एवढंच सांगते."

केरू कुडाकडे वळला. चालू चौकोनात तारीख घातली, सही केली आणि शेजारी मे लिहिलं. कुडावर आता चौकोनांची रांग खिडकीपर्यंत गेली होती. बाईजा मागे येऊन उभी राहिली.

"हा पण ठेवू?" तिने विचारलं.

"नाय. दिवाळीला हा सारव. हे सगळे सारव बाईजाबाय. सरकारला नकोत आता."

ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे पहिले पाच चौकोन होते, आता आणखी खोल गेलेले. तिने त्यातल्या एकात बोट घातलं आणि अक्षर चाचपलं.

"आणि हे?"

केरू पुढे झाला, खिशातला गेरूचा खडू काढला आणि त्या पाच चौकोनांत, जिथे जिथे अक्षर पुसट झालं होतं तिथे तिथे, पुन्हा एकदा नीट मं गिरवला.